आधी प्रत, मग प्रश्न

दुकानात येणारा माणूस लॅपटॉप काउंटरवर ठेवतो आणि दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ‘याला काय झालंय?’ किंवा ‘यातलं वाचेल का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे असं कुणालाही वाटेल. काय झालंय ते कळल्याशिवाय वाचेल की नाही हे कसं सांगणार? निदान आधी, उपचार नंतर, हे वैद्यालाही मान्य आणि मेकॅनिकलाही. पण बिघाड हार्ड डिस्कमध्ये असल्याची नुसती शंका आली, तरी मी हा क्रम उलटा करते. गिऱ्हाइकाला त्याचं नवल वाटतं. मला स्वतःला त्याचं कारण नीट मांडायला बरीच वर्षं लागली, आणि ते कुठल्या टेक्निशियनच्या पुस्तकात सापडलं नाही.

मी वाईत लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान चालवते. शिकले मात्र संस्कृत. एम.ए.ला न्यायदर्शन घेतलं होतं, आणि अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ पुण्यात एका निवृत्त शास्त्रीबुवांपुढे बसून ओळीन् ओळ वाचला. प्राध्यापकी मिळाली नाही. भावाचं दुकान होतं, तो पुण्याला गेला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हाती आला. दुसऱ्या एखाद्या गावात याचं हसू झालं असतं. पण वाई हे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांचं गाव. धर्मकोश आणि मराठी विश्वकोश या दोन्हींचं काम इथे चाललं. इथला चहावालाही ‘तुमचं न्यायशास्त्र इथे कुठे कामाला येतं हो ताई?’ असं सरळ विचारतो. येतं. रोज येतं.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. न्यायाच्या विद्यार्थ्याचं हे पहिलं अनुमान. ते उभं आहे व्याप्तीवर: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग. स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र पाहिलेली असतात, तळ्यात दोन्ही नाहीत हेही पाहिलेलं असतं. आता माझ्या टेबलावरचा डोंगर घ्या. लॅपटॉप सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क शंभर टक्के. फोल्डरवर क्लिक केलं की ते गोल फिरत राहतं. ही डिस्क जाण्याची लक्षणं आहेत, असं गिऱ्हाईक कुणाकडून तरी ऐकून आलेलं असतं. पण धूर म्हणून जे दिसलं ते धुकं नाही ना, हे आधी बघा, अशी ताकीद आमच्या ग्रंथांनीच दिली आहे. अर्धवट राहिलेला विंडोज अपडेट, एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस, अपुरी रॅम, धुळीने बुजलेला पंखा, या सगळ्यांतून हेच धुकं उठतं. निळा पडदा येऊन मशीन बंद पडत असेल, तर दोष रॅमच्या पट्टीतही असू शकतो.

सगळ्यात फसवं लक्षण रिबन केबलचं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक वही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. तिच्यात १९९ क्रमांकाची एक नोंद असते: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर किती वेळा मजकूर बिघडला. हा आकडा फुगलेला असेल आणि बाकीच्या नोंदी स्वच्छ असतील, तर डिस्क बहुधा निर्दोष असते. केबल किंवा कनेक्टर ढिला असतो. लक्षणं मात्र हुबेहूब मरणाऱ्या डिस्कची. याला आम्ही हेत्वाभास म्हणतो: दिसायला हेतू, म्हणजे पुरावा, पण साध्यापर्यंत न पोचवणारा.

मग खरा दोषी शोधायचा कसा? अन्वय आणि व्यतिरेक: एक असताना दुसरं असतं का, आणि नसताना नसतं का. मी डिस्क काढून बाजूला ठेवते आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करते. डिस्क नसताना मशीन तासभर सुरळीत चाललं, रॅमची चाचणी पार पडली, तर संशय डिस्क आणि केबल या दोघांवर येऊन थांबतो. दुसरी, धडधाकट डिस्क त्याच केबलवर लावली आणि तीही चालली, तर केबल सुटली. या सगळ्या तपासात संशयित डिस्कला एकदाही वीज दिलेली नसते. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे तिच्यावरच सगळं येऊन ठेपणार आहे.

न्यायातलं दुसरं उदाहरण कमी लोकांना ठाऊक असतं, आणि माझ्या धंद्यात तेच जास्त मोलाचं. धूर तिथे आग हे खरं. मग आग तिथे धूर हेही खरं का? नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. त्यात आग आहे, धूर नाही. धूर यायला ओलं लाकूड लागतं. म्हणजे धूर दिसला तर आगीची खात्री धरा. धूर दिसला नाही म्हणून आग नाही असं समजू नका.

२००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या केंद्रांतल्या लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो वाचताना मला तो लोखंडी गोळाच समोर दिसला. वाचन-तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. हा धूर. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या वहीत चार प्रमुख धोक्याच्या नोंदींपैकी एकही नव्हती. वही कोरी, आणि डिस्क गेली. हा गोळा. तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये निळ्या रंगात ‘गुड’ दिसलं की गिऱ्हाईक सुटकेचा श्वास टाकतं. त्या निळ्या रंगाला मी मान देत नाही. शब्दप्रमाण आप्ताचं धरायचं असतं; आप्त म्हणजे ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो तसंच सांगतो. डिस्क लबाड नाही, पण तिला स्वतःबद्दल सगळं ठाऊक नाही. आता एसएसडी आल्या. त्यांत फिरणारं काही नाही, आवाज नाही. काल चालणारी एसएसडी आज बायोसमध्येसुद्धा दिसत नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

इथवर न्यायाने मला सांभाळलं. पुढची अडचण एका गुरुजींच्या लॅपटॉपने समोर आणली.

कृष्णेपलीकडच्या एका गावचे हे गुरुजी. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मला अगंतुगं करतात. वय सत्तरीच्या पुढे, वेदपाठशाळेत शिकलेले, घनपाठी. घनपाठ ऐकला नसेल तर एवढं सांगते: पहिला शब्द-दुसरा शब्द, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, अशा उलटसुलट फेऱ्यांत सगळी संहिता म्हणायची. एक स्वर जरी चुकला तरी फेरीत तो कुठेतरी अडखळतो आणि पकडला जातो. हार्ड डिस्कसुद्धा प्रत्येक सेक्टरबरोबर, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक छोट्या तुकड्याबरोबर, चूक पकडणारे आणि सुधारणारे जादा बिट लिहून ठेवते.

गुरुजींच्या लॅपटॉपवर होत्या यजमानांच्या याद्या. एकेका गावाची एकेक फाइल, श्रीलिपीत टाइप केलेली. बावधन, पसरणी, ओझर्डे. प्रत्येक घरातला कोण कधी गेला, महिना, पक्ष, तिथी. भाद्रपद लागला की या फाइलींवरून ते फोन करतात: अमुक तारखेला तुमच्या वडिलांचा महालय. लॅपटॉप हँग व्हायला लागला म्हणून त्यांच्या भाच्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहून चेकडिस्क लावलं.

‘अगं, वाचेल ना?’ गुरुजींनी विचारलं.

‘रात्रभर काय चालवलं होतं ते आधी सांगा.’

‘काळ्या पडद्यावर टक्के मोजत होतं. अकरावर अडकलं. मग सकाळी त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.’

‘याची दुसरी प्रत कुठे आहे?’

‘संहिता पाठ आहे गं माझी,’ गुरुजी म्हणाले, ‘यजमान पाठ नाहीत.’

डिस्क एक टेराबाइटची, जुन्या पद्धतीची फिरणारी. अशी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वहीतली १९७ क्रमांकाची नोंद वाढलेली होती. ही नोंद मला सगळ्यात जवळची वाटते. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क त्याला लगेच बाद ठरवत नाही. त्याला ‘प्रलंबित’ म्हणून टिपून ठेवते. पुढे त्या जागेवर नवीन मजकूर लिहायची वेळ आली की ती पारख करते: नीट लिहिलं गेलं तर नाव यादीतून काढते, नाही, तर ती जागा कायमची सोडून राखीव जागेतला सेक्टर तिच्या नावावर लावते. म्हणजे १९७ हा डिस्कच्या स्वतःच्या संशयांचा आकडा आहे. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र जागा आहे, आणि भाष्यकार वात्स्यायन सांगतात की जे अजिबात ठाऊक नाही किंवा जे पक्कं ठाऊक झालं आहे तिथे न्याय चालत नाही. संशय असेल तिथेच तो चालतो.

मग चालवायचा ना न्याय? डिस्कची संपूर्ण चाचणी लावली की काही तासांत कळेल: किती सेक्टर गेले, कुठे गेले, हेड थकलं आहे की तबकडी. निश्चित ज्ञान मिळेल. पण चाचणी म्हणजे डिस्कचा कोपरान् कोपरा वाचणं. खराब जागी हेडने पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं. धडधाकट डिस्कला याचं काही नाही. आजारी डिस्कच्या उरलेल्या आयुष्यातून हा खर्च जातो. भाच्याने लावलेलं चेकडिस्क तर याहून पुढचं. ते नोंदी जुळवू पाहतं, जुळत नाही ते तोडतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं. चाचणी संपेल तेव्हा मला अचूक सांगता येईल की डिस्कला काय झालं होतं. भूतकाळात.

न्यायाच्या अभ्यासात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डोंगरावरच्या आगीचं अनुमान केल्याने आग विझत नाही. जाणल्याने जाणलेल्या वस्तूला धक्का लागत नाही, हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. गौतमाच्या पहिल्याच सूत्राचं आश्वासन आहे की सोळा पदार्थांच्या तत्त्वज्ञानाने निःश्रेयस मिळतं. ज्ञान आधी, कल्याण मागून. आणि टेबलावर अशी एक वस्तू होती की तिच्याबद्दलचं ज्ञान पुरं होताना तीच संपणार होती.

याला उत्तर बौद्धांकडे आहे, असं कुणीही म्हणेल. मज्झिमनिकायातल्या मालुंक्यपुत्राची गोष्ट प्रसिद्ध आहे. जग शाश्वत आहे का, मरणानंतर तथागत असतो का, हे सांगितल्याशिवाय मी आपल्याजवळ राहणार नाही, असं तो भिक्षू बुद्धांना म्हणतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला देतात. बाण मारणारा कुठल्या वर्णाचा, उंच की बुटका, धनुष्य कसलं, बाणाला पिसं कुठल्या पक्ष्याची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस उत्तरं मिळण्याआधी मरेल. दाखला बिनतोड आहे. पण शल्यवैद्याला तरी एक प्रश्न विचारावाच लागतो: बाणाला आकडा आहे का? असेल तर सरळ ओढून चालत नाही. तेव्हा ‘प्रश्न सोडा, आधी वाचवा’ हेही अर्धंच. काही प्रश्न वाचवण्याच्या आड येतात, काहींवाचून वाचवताच येत नाही. दोन्ही जातींचे प्रश्न ओळखायचे कसे?

मला निवाडा सापडला तो पुन्हा न्यायातच, जयंत भट्टांच्या ‘न्यायमंजरी’त. जयंत नवव्या शतकातले, काश्मीरचे. ज्ञान खरं आहे हे आधी ठरवून मग माणूस कामाला लागतो, की कामाला लागून फळ आल्यावर ज्ञान खरं ठरतं, असा जुना वाद आहे. जयंत दोन प्रांत वेगळे करतात. रोजच्या व्यवहारात, जिथे फळ डोळ्यांसमोर येणार आहे, तिथे आधी निश्चय लागत नाही. संशयावरही माणूस पाऊल उचलतो. चुकलं तर कळतं. पण यज्ञासारखं कर्म, जिथे द्रव्य आणि कष्ट भरपूर लागतात आणि फळ दिसणारं नसतं, तिथे आधी प्रमाणाची खात्री करून घ्यावी.

याचा माझ्यापुरता अर्थ मी असा घेतला. ज्या कामाला खर्च थोडा आणि ज्यातून मागे फिरता येतं, ते संशयावर करावं. ज्या कामाचा खर्च मोठा आणि ज्यातून परतता येत नाही, त्यासाठी निश्चय हवा. आणि प्रश्न विचारणं हेही एक काम आहे, त्याला हाच नियम लावायचा. लॅपटॉपमधून डिस्क काढून बाकीचं मशीन तपासणं डिस्कला फुकट पडतं, खुशाल तपासा. डिस्कला काही सेकंद वीज देऊन कान लावणं जवळजवळ फुकट; तोच आमचा आकड्याचा प्रश्न. टक्-टक् असा ठोका किंवा खरवडल्यासारखा आवाज आला, तर वीज बंद. तिथून पुढे डिस्क धूळविरहित खोलीत उघडणाऱ्यांचं काम, आणि त्याचं बिल ऐकून लोक डिस्क परत घेऊन जातात. आवाज स्वच्छ असेल, तर पहिलं काम प्रत. संपूर्ण चाचणी, चेकडिस्क, फॉरमॅट, विंडोज नव्याने टाकणं, हे सगळं नंतर. तेही शक्यतो प्रतीवर. लोक मला व्हिडिओत पाहिलेले उपाय सांगतात, डिस्क पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवण्यापर्यंत. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, एवढं सांगितलं तरी पुरतं.

गुरुजींच्या डिस्कचा आवाज स्वच्छ होता. मी डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याला हा विवेक ठाऊक असावा. तो मूळ डिस्कवर काही लिहीत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं तेवढंच उचलतो. अडलं की तिथे झटत बसत नाही, उडी मारून पुढे जातो. कुठे उडी मारली त्याचा नकाशा वेगळ्या फाइलीत ठेवतो. सोपं सगळं हाती आल्यावर वगळलेल्या जागांच्या कडा कुरतडतो, आणि हट्टी सेक्टरांशी झटापट अगदी शेवटी करतो. डिस्क मधेच गेली तरी तोवरचं हाती असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत झाली. काही सेक्टर अखेरपर्यंत आले नाहीत. ते कुठल्या फाइलींतले हे नकाशावरून काढता आलं: बहुतेक विंडोजच्या, पण एका गावाची यादीही त्यांत होती. ती फाइल उघडेना.

डिस्कला नेमकं काय झालं होतं ते मी त्यानंतर तपासलं, कुतूहल म्हणून. चाचणी पुरी होण्याआधीच ती दिसेनाशी झाली. त्यामुळे तिच्याबद्दलच्या माझ्या निष्कर्षाची जागा आजही रिकामी आहे, आणि गुरुजींचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

ज्या गावाची यादी गेली, तिथले फोन नंबर गुरुजींच्या मोबाइलमध्ये होते. त्यांनी घरोघर विचारायला सुरुवात केली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा हे काम सोपं निघालं, कारण धर्मशास्त्राने ही परिस्थिती आधीच धरलेली आहे. कुणाला तिथी आठवत होती, प्रश्न मिटला. कुणाला फक्त इंग्रजी तारीख ठाऊक, मृत्यूच्या दाखल्यावरची. गुरुजींनी त्या वर्षाचं पंचांग काढून तिथी लावली. कुणी म्हणालं, ‘श्रावण होता, एवढं नक्की’. त्यांना गुरुजींनी त्या महिन्याची अमावास्या सांगितली. आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, आजोबा मुंबईला गिरणीत होते, तिकडेच गेले, एवढंच ऐकलेलं, त्यांच्यासाठी भाद्रपदातली सर्वपित्री.

मी गुरुजींशी वाद घातला. श्राद्धाचं फळ तर अदृष्ट. जयंत भट्टांच्या हिशोबाने इथे आधी निश्चय हवा, संशयावर कसं चालतं?

‘खर्च काय आहे श्राद्धाला?’ गुरुजी म्हणाले. ‘तीळ, दर्भ, पाणी, एक पान. तिथी चुकली तर काय बिघडेल, आणि केलंच नाही तर काय, हे तूच तोल. आणि हे बघ, माहीत नसताना मनाने एखादी तिथी ठोकून दिली तर ते मात्र चालत नाही. माहीत नाही म्हणून अमावास्या, हे सांगून करायचं.’

म्हातारा माझ्या पुढे होता. मी खर्च आणि परतीची वाट एवढंच पाहिलं होतं. त्यांनी तिसरी अट घातली. संशयावर काम करायला हरकत नाही, पण तो संशय निश्चयाचे कपडे घालून वावरता कामा नये. माझ्याच धंद्यात हे रोज घडतं. अर्धवट वाचलेली फाइल काही प्रोग्रॅम शून्यं भरून पुरी करून देतात. नावं दिसतात, आकार बरोबर दिसतो, आणि आत काय गहाळ आहे हे कुणालाच कळत नाही. कोऱ्या जागेपेक्षा अशी फाइल जास्त घातक.

म्हणून गुरुजींच्या नव्या यादीत, आता एसएसडीवर आणि शिवाय दोन पेनड्राइव्हवर असलेल्या, मी तिथीच्या पुढे एक रकाना वाढवून दिला: कशावरून. त्यात चारच उत्तरं चालतात. घरच्यांनी सांगितली, दाखल्यावरून काढली, महिना ठाऊक म्हणून त्याची अमावास्या, ठाऊक नाही म्हणून सर्वपित्री. गुरुजी तो रकाना न चुकता भरतात. उद्या कुणाच्या घरात जुनी वही सापडली, तर कुठली ओळ बदलायची आणि कुठलीला हात लावायचा नाही, हे त्यांच्यानंतर यादी हाती घेणाऱ्यालाही कळेल.